खान्देशातल्या घरी कोरल: सरकता दिवा कसा बसवायचा

कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, ठेवायला चार फुटांची समुद्री टाकी घेतली की नव्या माणसाला पहिला सल्ला मिळतो, वर दोन-तीन एलईडी दिवे टांगा. थंड प्रदेशात हा सल्ला चालतो, कारण तिथे दिव्याची उष्णता टाकीला हवीच असते. जळगाव-भुसावळला वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर असताना टाकीवरचा प्रत्येक जादा दिवा चिलरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राला, भारी पडतो. म्हणून मी इथे दुसरा मार्ग सांगतोय. एकच दिवा रुळावर बसवायचा आणि छोट्या मोटरने तो टाकीच्या एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश नेत-आणत राहायचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. दिवा हलवला म्हणून प्रकाश वाढत नाही, तो फक्त वाटला जातो. स्थिर दिव्याखाली मधोमध भगभगीत उजेड पडतो आणि कोपरे अर्धवट अंधारात राहतात. उंच कोरलची सावली दिवसभर एकाच जागी पडते, त्या सावलीतली बाजू फिकी पडते किंवा झडते. दिवा सरकता ठेवला की तोच उजेड कोपऱ्यांपर्यंत जातो आणि कोरलच्या दोन्ही कुशींना तिरपा प्रकाश मिळतो. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाळं प्रकाशातून अन्न तयार करतात आणि कोरलचं पोट मुख्यतः त्यावर भरतं. त्यामुळे कुठल्या जागेला दिवसभरात एकूण किती प्रकाश मिळाला, याला फार महत्त्व आहे.

१. गरज आहे का, ते आधी बघा

टाकी दोन-अडीच फुटांची असेल तर या भानगडीत पडू नका. एक चांगला स्थिर दिवा पुरतो. तीन फुटांच्या पुढे, आणि टाकीत मऊ कोरल ठेवायचे असतील, तर सरकता दिवा खरोखर कामाला येतो. मशरूम, झोअँथिड, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप हे सगळे मऊ कोरल मध्यम उजेडात खूश असतात. १०० वॅटच्या आसपासचा एक चांगला रीफ एलईडी (कोरलच्या टाकीसाठीचा दिवा) चार बाय दोन फुटांवर वाटला, तरी त्यांना पुरेसं मिळतं. दगडी, म्हणजे कठीण सांगाड्याच्या, बऱ्याच कोरलना याच्या दुप्पट-तिप्पट प्रकाश लागतो, तिथे एका दिव्याची वाटणी करून भागत नाही. शिवाय दगडी कोरलपासून लांब राहायला त्याहून मोठं कारण आहे, ते पुढच्या पायरीत.

२. कायदा आणि कागद

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर घाबरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे आहेत. दुकानदार ‘सगळे ठेवतात’ म्हणाला तरी ते घेऊ नका. मालवणला फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरून मेलेल्या प्रवाळाचा तुकडा उचलून आणणंही याच कायद्यात बसतं. टाकीत रचायचा खडकसुद्धा समुद्रातून काढलेला नको. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक मिळतो, तोच घ्या.

कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने नोंदणी करणं बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंदणी परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर होते. वर सांगितलेले मऊ कोरल सहसा या यादीत नसतात, पण विकत घेताना शास्त्रीय नाव विचारून यादीत तपासा. शंका वाटली तर पैसे देण्याआधी जिल्ह्याच्या वनविभागाच्या कार्यालयात विचारून या.

जपून ठेवायचे कागद:
- विक्रेत्याचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक कोरलचं शास्त्रीय नाव
- परदेशातून आलेला माल असेल तर आयातदाराच्या परवान्याची आणि क्वारंटाइनच्या कागदाची प्रत
- लागू असेल तिथे नोंदणीची पावती
- टाकीत सोडलेल्या दिवशीचा प्रत्येक कोरलचा फोटो, तारखेसह

बिलावर नुसतं ‘फॅन्सी कोरल, नग ३’ असं लिहून देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

३. पाणी आणि टाकी

यावर वेगळं लिहावं लागेल एवढा विषय मोठा आहे, म्हणून इथे दिव्याशी संबंध येतो तेवढंच. चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी मावतं. काच आणि खडक धरून वजन अर्ध्या टनाच्या वर जातं, त्यामुळे जमीन आणि स्टँड तेवढं सोसणारं हवं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यासाठी डीआय काडतूस (उरलेसुरले क्षारही काढणारं) जोडलेला आरओ लागतो आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य यायला हवा. स्वयंपाकघरातला आरओ चालणार नाही. त्यातल्या टीडीएस अ‍ॅडजस्टरमधून चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं. सुरत किंवा मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणलेलं पाणीही नको. रीफचं मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम घाला आणि क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं साधन) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग, बघा. तापमान २५ ते २७ अंश ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, टाकीत कोरल सोडू नका.

४. सामान

- रीफसाठीचा एलईडी दिवा, चॅनलनुसार (निळा, पांढरा वेगवेगळा) उजेड कमी-जास्त करता येणारा
- स्लायडिंग खिडकीचा अ‍ॅल्युमिनियम ट्रॅक, टाकीच्या लांबीचे दोन तुकडे
- नायलॉनची चाकं, चार नग
- ट्रॉलीसाठी १६ इंच लांबीचा अ‍ॅक्रिलिक किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा
- १२ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला एक फेरा देणारी
- १० इंची आर्म आणि ३२ इंची दांडा, दोन्ही अ‍ॅल्युमिनियम पट्टीचे
- १२ व्होल्टचा बंदिस्त अ‍ॅडॉप्टर आणि १ अँपिअरचा फ्यूज
- प्लास्टिकची केबल चेन
- टायमर आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच)
- दिवा धरून ठेवायला दोन स्टीलच्या तारा
- लक्स मीटर. पार मीटर (कोरलना उपयोगी प्रकाश मोजणारा, पायरी ८ बघा) उसना मिळाला तर फारच उत्तम

यातलं बहुतेक सामान अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचं काम करणाऱ्याकडे आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कपाटाच्या ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनल स्वस्त दिसतं, पण घेऊ नका. ते लोखंडी असतं, खाऱ्या वाफेने गंजतं आणि गंज थेट पाण्यात पडतो. चाकाच्या मधला बुश पितळेचा नाही, हेही बघून घ्या. तांबं आणि पितळ यांचा अंशही कोरल, कोळंबी आणि गोगलगाईंना मारक आहे. पाण्याच्या वर असलेल्या पितळेवर हिरवी बुरशीसारखी पूड धरते आणि थेंबाबरोबर खाली उतरते.

५. रूळ आणि ट्रॉली

दोन्ही ट्रॅक टाकीच्या लांबीला समांतर आणि एकमेकांना समांतर बसवा. स्लॅबला अँकर बोल्ट मारून टांगता येतात. भाड्याचं घर असेल तर स्टँडच्या चार कोपऱ्यांतून उभे पाइप काढून त्यावर चौकट करा. पातळी बघायला स्पिरिट लेव्हल वापरा. डोळ्याला सरळ दिसणारा रूळ बऱ्याचदा सरळ नसतो, आणि उतार असला की मोटर एका दिशेला कुंथते.

ट्रॉलीवर दिवा घट्ट बसवा. साखळीने लोंबता ठेवलात तर प्रत्येक वळणाला तो झोका घेईल. दिव्याची खालची बाजू पाण्यापासून ९ ते १२ इंच वर हवी. स्टीलच्या दोन्ही तारा ट्रॉलीवरून रुळाच्या वरच्या चौकटीला सैल जोडून ठेवा, म्हणजे चाक निसटलं तरी दिवा पाण्यात जाणार नाही. या तारा नसतील तर ही जोडणी वापरूच नका. इथे माझं मत अजिबात बदलणार नाही.

मोटर जोडण्याआधी ट्रॉली एका बोटाने ढकलून बघा. टोकापासून टोकापर्यंत सारख्याच जोराने सरकली पाहिजे.

६. मोटर

दिवा पुढे-मागे नेण्याचे दोन मार्ग आहेत. थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तसा टायमिंग बेल्ट, दोन टोकांना लिमिट स्विच आणि दिशा बदलणारं सर्किट हा एक. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर तो छानच आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला मी आर्म आणि दांडा वापरायला सांगेन. मोटर एकाच दिशेला फिरत राहते, आर्मच्या टोकाला जोडलेला दांडा ट्रॉलीला ढकलतो आणि ओढतो. स्विच नाही, सर्किट नाही. बिघडायला जागाच कमी.

मापं नीट लक्षात घ्या. आर्मच्या लांबीच्या दुप्पट ट्रॉली सरकते, म्हणजे १० इंची आर्मने २० इंच. चार फुटी टाकीला एवढं पुरतं, कारण दिव्याचा स्वतःचा पसारा दोन फुटांचा असतो. दांडा ट्रॉलीच्या मोटरकडच्या कडेला जोडा. मोटरचा आस टाकीच्या टोकापासून १६ इंच बाहेर ठेवलात, तर ट्रॉलीचा मध्य टाकीच्या १४ इंचापासून ३४ इंचापर्यंत जातो, म्हणजे बरोबर मधोमध. आणखी मोठा फायदा असा की आर्म फिरताना टाकीच्या काठापासून सहा इंच बाहेरच राहते. मोटर, तिचं ग्रीस, तिची वायर यांतलं काहीच पाण्याच्या वर येत नाही.

सांध्यांना नायलॉनचे बुश लावा. एक आरपीएमची मोटर मिळाली नाही तर जास्त आरपीएमची घ्या आणि पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर जोडून वेग उतरवा. मिनिटाला एक फेरा ही माझ्या मते वरची मर्यादा, त्याहून सावकाश चालेल. दिवा वेगाने फिरवून काही मिळत नाही, मासे मात्र बिचकतात.

आपल्याकडे कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर कुठेही मिळते, म्हणून ती लावण्याचा मोह होतो. ती थेट २३० व्होल्टवर चालते आणि तिच्यात दिव्याचं वजन ओढण्याइतका जोर नसतो. ती कूलरलाच राहू द्या.

७. वायरिंग

दिव्याची वायर दिवसभर वाकत आणि सरळ होत राहणार. साधी ताठ वायर काही महिन्यांत आतून तुटते. बारीक तारांची लवचीक केबल घ्या आणि ती प्लास्टिकच्या केबल चेनमधून न्या. दिव्याचा अ‍ॅडॉप्टर ट्रॉलीवर ठेवू नका, तो भिंतीवर उंच लावा. सॉकेटकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच खाली टपकतं.

टाकीची सगळी उपकरणं ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच चालली पाहिजेत आणि अर्थिंग खरोखरचं हवं. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण अर्थची वायर मागे कुठेच जोडलेली नसते. वायरमनकडून ते तपासून घेतल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नका.

मोटर आणि दिवा एकाच टायमरवर घ्या. दोन वेगळे टायमर असले की कधीतरी दिवा चालू आणि मोटर बंद, अशी वेळ येते.

८. मोजणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोरलना उपयोगी प्रकाश मोजायचं एकक आहे पार, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडला ते. मशरूमना साधारण ३० ते ७५ आणि झोअँथिड व लेदरना ७५ ते १५० असं धरून चाला.

सरकत्या दिव्याखाली एकच आकडा घेऊन उपयोग नाही. मीटरचा सेन्सर एका जागी ठेवा, दिवा फिरू द्या आणि पूर्ण फेऱ्यात दर दहा सेकंदांनी आकडा लिहा. समजा डाव्या कोपऱ्यातल्या खडकावर १५०, ११०, ४५, २०, ४५, ११० असे सहा आकडे आले. बेरीज ४८०, सरासरी ८०. दिवा दहा तास चालतो, म्हणजे ३६,००० सेकंद. ८० ला त्याने गुणलं की दिवसाचे २.८८ मोल होतात. त्या जागी लेदर ठेवायचा आहे आणि तुम्हाला सरासरी १०० हवी आहे, तर उजेड सव्वापट करावा लागेल. दिवा ४० टक्क्यांवर असेल तर ५० वर न्या आणि परत मोजा.

सेकंदांच्या अंतराने आकडे घेण्याचं कारण आहे. आर्म-दांड्याच्या जोडणीत ट्रॉली मध्यावर भरभर जाते आणि टोकांना रेंगाळते. त्यामुळे कोपऱ्यांना थोडा जादा वेळ मिळतो, आणि ते आपल्याला हवंच आहे. इंचांच्या अंतराने मोजलंत तर हे हिशेबात येत नाही.

पार मीटर महाग आहे. नसेल तर लक्स मीटरवर भागवा, पण तुलनेपुरतंच. रीफच्या निळ्या दिव्याखाली लक्सचा आकडा फार कमी येतो, म्हणून त्यावरून पार काढू नका. मात्र निळ्या-पांढऱ्या चॅनलचं प्रमाण तेच ठेवलं, तर कोपऱ्यात मध्यापेक्षा निम्मा उजेड आहे की पाव, हे त्यावरून बरोबर कळतं. लक्स मीटरचा सेन्सर पाण्यात बुडवू नका. रिकाम्या टाकीतच ही तुलना करून घ्या.

अशा किमान नऊ जागा मोजा, मागे, मधे आणि पुढे प्रत्येकी तीन. कागदावर टाकीचा आराखडा काढून आकडे भरा. कुठला कोरल कुठे ठेवायचा हे तो कागद सांगेल.

९. कोरलला सवय लावणं

केळीची टिश्यूकल्चरची रोपं प्रयोगशाळेतून थेट शेतात लावत नाहीत, आधी शेडनेटमध्ये हार्डनिंग करतात. रावेर-यावलकडच्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. कोरलचंही तसंच करा. मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात, सव्वाचारशे किलोमीटर आलेला कोरल पहिल्या दिवशी पूर्ण उजेडात ठेवला तर आपल्यातली शैवाळं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पहिला आठवडा त्याला तळाशी ठेवा, दिवा ठरलेल्या पातळीच्या निम्म्यावर. मग आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवत जा.

पॉलिप (कोरलची फुलासारखी तोंडं) आखडलेले आणि रंग फिका होत चालला, तर उजेड जास्त होतोय. मान लांबवून दिव्याकडे ताणला गेला किंवा तपकिरी पडला, तर कमी पडतोय. मऊ कोरल सावकाश बोलतात. आज बदल केला की दोन आठवडे दुसरं काही बदलू नका.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. झोअँथिड चिकटलेला खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका किंवा ब्रशने कोरडा घासू नका. वाफेतून किंवा तुषारातून हे विष फुप्फुसात जाऊ शकतं.

१०. उन्हाळा आणि लाइट जाणं

मार्च संपत आला की टाकीचा दिवस हळूहळू पुढे सरकवा. रोज पंधरा-वीस मिनिटं. एप्रिल-मे मध्ये दिवा संध्याकाळी सहाला लागून पहाटे चारला बंद झाला तरी कोरलचं काही बिघडत नाही. दुपारच्या काहिलीत दिव्याची उष्णता वाचते आणि चिलरला श्वास घेता येतो. खोलीत सूर्यप्रकाश थेट येत असेल तर तेवढा पडदा लावा, नाहीतर कोरलला दिवसा ऊन आणि रात्री दिवा, असे दोन दिवस एकत्र मिळतील.

पाण्यावर मारलेला पंखा आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी चांगलंच गार करतो. पण मीठ मागे राहतं आणि क्षारता चढते. उडालेल्या पाण्याची भर गोड्या आरओ-डीआय पाण्यानेच करा. ठिबकच्या दुकानातली मायक्रोट्यूब आणि फ्लोट व्हॉल्व्ह यासाठी मस्त कामाला येतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच पंखा फारसं काही करत नाही, तेव्हा चिलर लागतोच.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा पंप घ्या. मासे आणि कोरल प्राणवायूविना काही तासांत जातात, अंधारात मात्र कोरल एक-दोन दिवस सहज काढतात. दिवा आणि मोटर इन्व्हर्टरवर घेऊच नका.

११. कुठे फसायला होतं

सगळ्यात मोठा धोका म्हणजे ट्रॉली एका टोकाला अडकणं आणि दिवा तिथेच दिवसभर तळपत राहणं. वरच्या उदाहरणात ज्या जागेला सरासरी ८० मिळत होते, तिला सलग १५० मिळतील. एक दिवस मऊ कोरल ते सोसतात, आठवडा नाही. म्हणून दिवा सुरू झाल्यावर रोज एक फेरा डोळ्यांनी बघा. बाहेरगावी जाताना ट्रॉली मध्यावर आणून मोटर बंद करा आणि उजेड निम्म्यावर उतरवा.

रुळावर मिठाचे पांढरे खडे जमतात, चाक त्यावर चढतं आणि ट्रॉली धक्के खाते. आठवड्यातून एकदा आरओच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने रूळ पुसा. वंगण लागलंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर घेऊन. टाकीच्या वर कुठलाही स्प्रे मारू नका. दिव्याच्या काचेवरचा मिठाचा थर उजेड खातो, तीही त्याच दिवशी पुसा.

स्थिर दिव्याखाली अंधारात राहणाऱ्या काचेवर आता उजेड पडतो, म्हणून शेवाळ पूर्वीपेक्षा जास्त भागावर येईल. पहिले काही आठवडे ते येणारच. काच घासा, खाणं थोडं कमी टाका आणि नायट्रेट-फॉस्फेट तपासा. शेवाळ दिसलं म्हणून दिव्याचे तास रोज कमी-जास्त करत बसलात, तर कोरलला कधीच स्थिर दिवस मिळणार नाही.

वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, चारही चाकं आणि दोन्ही नायलॉन बुश बदला. तेव्हाच केबल चेन उघडून वायर पूर्ण लांबीभर बोटांनी चाचपा, आणि नऊ जागांची मोजणी पुन्हा करून नवा कागद जुन्याशेजारी लावून ठेवा.